सी-60 कशात विरघळवावं? आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने माझं जवळजवळ रोजचं काम सी-60 विरघळवून त्याचे पातळ थर बनवण्याचं आहे. सी-60 म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ चेंडू. 1985 मध्ये तो सापडला आणि 1996 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच्या शोधकांना मिळालं. हातात येते ती मात्र काजळीसारखी काळी पूड, आणि लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो की ही विरघळते कशात?

रोजच्या कामाला टोल्युइन. मिलिलिटरमागे जेमतेम 2.8 मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे एक ग्रॅमसाठी साडेतीनशे मिलीच्या वर टोल्युइन लागतं. तरी मी तेच निवडते, कारण ते सहज मिळतं, 110 अंशांना उकळत असल्याने काढून टाकायला सोपं जातं आणि रंगावरून मालाची कल्पना येते. स्पॅटुलाच्या टोकावरची पूड व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत, टाकली की काळे दाणे तळाशी बसतात, मग प्रत्येक दाण्याभोवती जांभळी छटा पसरू लागते. तासाभरात सगळी व्हायल जांभळी होते. हा रंग लालसर-तपकिरीकडे झुकला, तर पुडीत सी-70, म्हणजे सत्तर कार्बन अणूंचा भाऊबंद, मिसळलेलं आहे असं समजावं. एका पुरवठादाराचा डबा मी याच कारणाने परत केला. लेबलवर शुद्धता उत्तम लिहिली होती, द्रावण मात्र तांबूस निघालं.

आता तापवण्याबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया गेला. विरघळत नाही तर गरम करा, हे आपल्या हातात इतकं बसलेलं असतं की शंकाही येत नाही. मार्चमध्ये मी जास्तीची पूड टाकून व्हायल 60 अंशांवर अर्धा दिवस ढवळली आणि गरमच गाळली. यूव्ही-व्हिजवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून प्रमाण सांगणाऱ्या यंत्रावर, मोजलं तर साध्या तापमानाच्या द्रावणापेक्षाही कमी भरलं! तीनदा केलं, तीनदा तेच. मग 1993 चं मोजमाप वाचलं. टोल्युइनमध्ये सी-60 ची विद्राव्यता साधारण 7 अंश सेल्सिअसला सर्वात जास्त असते आणि त्यापुढे तापमान वाढेल तशी घटत जाते. तळाशी उरलेल्या स्फटिकांत टोल्युइनचे रेणू अडकून वेगळाच घन पदार्थ बनतो, तो तापल्यावर मोडतो, असं त्याचं कारण देतात. उष्णतेने विरघळण्याचा वेग वाढतो, पण मर्यादा खाली येते. तेव्हापासून मी तापवत नाही. फॉइल गुंडाळून रात्रभर ढवळते आणि सकाळी 0.45 मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळते. गाळणं चुकवू नका. न विरघळलेले बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, थरावर मात्र ठिपके उमटतात.

जाड थर हवा असेल तर ऑर्थो-डायक्लोरोबेंझिन. सुमारे 27 मिलिग्रॅम, म्हणजे टोल्युइनच्या जवळपास दहापट. पण उत्कलनबिंदू 180 अंश, त्यामुळे थरात अडकून बसलेलं काढताना पंप रात्रभर चालवावा लागतो. फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, बाटली उघडूच नये. क्लोरोनॅफ्थलीनची क्षमता याहून मोठी, 51 मिलिग्रॅमची, पण माझ्या कामात ती कधी लागली नाही.

कार्बन डायसल्फाइडमध्ये 7.9 मिलिग्रॅम जातं आणि ते वाळतंही झटकन. मी दोन आठवड्यांत सोडलं. 46 अंशांना उकळणारं, विषारी, आणि नुसत्या तापलेल्या हॉटप्लेटवरही पेट घेऊ शकेल असं द्रव रोज हाताळण्याइतकी ती सोय मोठी नाही. ज्यांना पर्यायच नाही, त्यांनी आसपासची प्रत्येक गरम वस्तू आधी बंद करावी.

ॲसिटोन आणि मेथॅनॉलमध्ये सी-60 जवळपास विरघळतच नाही, म्हणून ही द्रवं माझ्या वेगळ्या कामाला येतात. टोल्युइनच्या जांभळ्या द्रावणात मेथॅनॉल थेंबथेंब सोडलं की आधी रंग मळकट तपकिरी होतो, मग गढूळपणा येतो आणि सी-60 खाली बसतं. गाळून, धुऊन, वाळवून तीच पूड मी पुन्हा वापरते. इतक्या महागाच्या मालाचा एक मिलिग्रॅमही टाकवत नाही.

सध्या माझ्याकडे मिलिलिटरला 2 मिलिग्रॅमचं टोल्युइन द्रावण तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवलेलं असतं. मर्यादेच्या थोडं खाली ठेवल्यामुळे उन्हाळ्यातही तळाशी काही साचलं नाही.