जुन्या कार-रेडिओत ब्लूटूथ: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव
माझ्या गाडीतला मूळ रेडिओ 1960 च्या दशकातला, केवळ मिडियम वेव्ह पकडणारा आणि एकाच स्पीकरचा आहे. नवा स्टिरिओ बसवण्यासाठी डॅशबोर्ड कापणे जिवावर आले, म्हणून रेडिओच्या आतच ब्लूटूथचे मॉड्यूल बसवून घेतले. (त्याआधी हौसेने एफएम ट्रान्समीटर (फोनवरचे गाणे एफएमवरून रेडिओला पाठवणारे यंत्र) आणला होता, ज्या रेडिओला एफएमच नाही त्याला त्याचा काय उपयोग, हे घरी आल्यावर सुचले.)

जोडणी व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला केली असून, डिटेक्टरकडून (रेडिओ लहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाकडून) येणारा आवाज तोडण्यासाठी मागे एक छोटा खटका बसवला आहे. त्यामुळे फोनवरच्या गाण्याचा आवाजही मूळ बटणानेच कमी-जास्त होतो. डाव्या-उजव्या चॅनेलच्या तारा थेट एकत्र पिळू नयेत. दोहोंना एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग त्या जोडल्या आहेत.

खरा मनस्ताप शिटीने दिला. ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे बारीक शीळ सुरू होई आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा सूर चढत जाई. मॉड्यूलची वीज आणि आवाज या दोहोंची परतीची वाट चासीतून (गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून) एकच होती, हे त्याचे कारण. मॉड्यूलला विलगित डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज एकमेकींना न जोडता वेगळी ठेवणाऱ्या उपकरणातून) वीज दिल्यावर शीळ थांबली. ज्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते, त्यांच्या मालकांनी तर असा कन्व्हर्टर पहिल्याच दिवशी बसवावा, नाहीतर फ्यूज उडण्याची तयारी ठेवावी.

दुसरी चूक माझीच. मॉड्यूल पत्र्याच्या पेटीत बंद केल्यामुळे फोन मागच्या सीटवर गेला की गाणे तुटत असे. ते पेटीबाहेर, डॅशबोर्डच्या मागे आणल्यापासून तक्रार नाही. पाचव्या महिन्यात व्हॉल्यूम फिरवताना खरखर येऊ लागली, ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने गेली.

आवाजाबद्दल सांगायचे तर गायकाचा गळा आणि बातम्या सुरेख ऐकू येतात, मात्र कागदी शंकूच्या त्या एकट्या स्पीकरकडून ढोलाच्या ठोक्याची अपेक्षा करू नये. पावसाळी संध्याकाळी मी खटका उलटा करून मिडियम वेव्ह लावतो. दूरवर वीज चमकली की गडगडाट कानी येण्याआधीच स्पीकरमध्ये कडकड ऐकू येते.