नेट रडतंय: कंपनी बदलावी, मेश घ्यावं, की भिंतीला भोक पाडावं?

संध्याकाळी सातनंतर नेट रखडलं की आपल्याकडं पहिला राग केबलवाल्यावर निघतो. माझाही निघाला. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर: 'बंद करून चालू करा.' दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरायला घेतला होता, तेवढ्यात शेजारच्या पोरानं लॅपटॉप आणला, राउटरला वायर जोडली आणि वेग मोजला. 100 एमबीपीएसचा प्लॅन, 94 भरलं. मागच्या खोलीत त्याच लॅपटॉपवर वायफायनं 7. आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, जुनं. मधली भिंत दोन फुटांची. कंपनी बदलली असती तरी भिंत तीच राहिली असती.

म्हणून आधी ही दहा मिनिटं काढाच. वायर नसेल तर मोबाईलवर पिंगचं ॲप घ्या. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघायचं. आधी राउटरलाच पिंग करा (पत्ता बहुधा 192.168.1.1, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर असतो), मग 8.8.8.8 ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचाच आकडा 3 वरून 300 वर उड्या मारत असेल तर दुखणं घरातलं. राउटर शांत आणि बाहेरचं पिंग तुटतंय, तर दुखणं लाईनचं. ही परीक्षा रात्री नऊलाच घ्या. सकाळी सगळंच छान चालतं.

दुखणं घरातलं निघालं तर तीन वाटा आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे रिपीटर, राउटरचा सिग्नल पकडून पुढं फेकणारा डबा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो नेट येत नाही त्याच खोलीत लावतात, म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची. तो अर्ध्या वाटेवर, जिथं सिग्नल अजून धड आहे तिथं लावायचा असतो. फक्त व्हॉट्सॲप आणि बातम्या बघायच्या असतील तर पुरे.

मेश म्हणजे घरभर ठेवायचे, मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे. दिसायला देखणं, खिशाला जड. राजारामपुरीत किंवा रुईकर कॉलनीत फ्लॅट असेल, भिंती पातळ असतील, तर पैसे वसूल होतात. पण मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर दगडी भिंत त्यांनाही चुकत नाही.

तिसरी वाट म्हणजे भिंतीला भोक आणि लॅनची वायर. घरच्यांना हे आवडत नाही, आमच्यातही दोन दिवस अबोला होता. पण माझं मत पक्कं आहे: जुन्या घरात यासारखं काही नाही. मागच्या खोलीत जुनाच राउटर ठेवला, त्याचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, ते पुढचाच राउटर करतो) बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलला आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात घातली, बाहेरच्या लाईनसाठीच्या वॅन पोर्टात नाही. झालं. एकूण खर्च महिन्याच्या रिचार्जपेक्षा कमी. वायर कॅट 5ई किंवा 6 घ्या आणि आठही तारा नीट जोडून घ्या. चारच जोडल्या तर वेग 100 वर अडकतो आणि 300 चा प्लॅन वाया जातो.

फ्लॅटवाल्यांचं दुखणं बऱ्याचदा भिंतीचं नसतं, गर्दीचं असतं. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. त्यावर सगळी बिल्डिंग. तिथं काही विकत घेण्याआधी 5 गिगाहर्ट्झवर जाऊन बघा. पेठेतल्या घरात मात्र उलटं, 5 चा सिग्नल जाड भिंतीत जिरतो.

लाईनच खराब असेल तर? इथं तुलना नावांची नको, वायरीची करा. गल्लीतला केबलवाला आणि मोठी कंपनी दोघंही 'फायबर' म्हणतात, पण काही ठिकाणी फायबर बिल्डिंगच्या डब्यापर्यंतच येतं आणि पुढं साधी लॅनची वायर असते. त्या डब्यातल्या स्विचला वीज लागते. महावितरणची लाईट गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असून नेट बंद. फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, राउटरला छोटा यूपीएस लावला की भागतं. तेव्हा पहिला प्रश्न वेगाचा नको, 'फायबर माझ्या खोलीत येणार का?' हा विचारा.

दुरुस्तीला माणूस किती लवकर येतो, यात गल्लीतला केबलवाला बहुतेकदा जिंकतो. तो गाडीवरून येतो, चहा पितो, खांबावर चढतो. मोठ्या कंपनीचं ॲप तक्रार क्रमांक देतं. पण कुणीही आलं तरी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजून घ्या. आकडा उणे 27-28 डीबीएमकडं गेला असेल तर नुसतं रिसेट करून जाऊ देऊ नका. वायर कुठंतरी मुरगळलीय किंवा जोड खराब आहे.

5जी वरचं एअरफायबर म्हणजे वायरीऐवजी मोबाईल टॉवरवरून नेट, गच्चीवर ॲन्टेना. फायबर पोचत नाही अशा उपनगरात, किंवा भाड्याच्या घरात, चांगलं. पण टॉवर सगळ्यांत वाटलेला असतो, संध्याकाळी वेग उतरू शकतो. वर्षाचे पैसे आधी भरू नका, एक महिना बघा. ऑनलाईन गेम किंवा घरी बसून मीटिंगा असतील तर मी तरी फायबरच घेईन.

आणि नवीन वायर ओढून घ्यायची असेल तर रस्त्यावरून आडवी नको, भिंतीच्या कडेनं न्यायला सांगा. गणपतीत उंच मूर्ती निघाली की आडव्या वायरी काठीनं उचलाव्या लागतात, आणि त्यातली एखादी आपली असते.