‘एकदाच पैसे, मग आयुष्यभर काही नाही’: ऑनलाइन दुकान काढून देणाऱ्यांकडून होणारी फसवणूक

छोट्या दुकानदाराला गळाला लावणारं वाक्य ठरलेलं असतं. "शॉपिफायला दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा आमचा स्वतःचा प्लॅटफॉर्म घ्या. एकदाच पैसे, मग आयुष्यभर काही नाही." शॉपिफाय म्हणजे मासिक भाड्याने ऑनलाइन दुकान देणारी सेवा. मासिक शुल्काचा जाच खरा असतो, म्हणून ते पटकन पटतं. पण होस्टिंग (सर्व्हरवरची जागा), डोमेन (वेबसाइटचं नाव) आणि सुरक्षेची अपडेट यांचा खर्च दर वर्षी कुणाला तरी करावाच लागतो. तो कोण करणार हे विक्रेता सांगत नसेल, तर तो तुमच्याकडूनच वसूल होणार, आणि तोही तुम्ही अडलेले असताना.

त्या ‘स्वतःच्या’ प्लॅटफॉर्मची झडती घ्यायला पाच मिनिटं पुरतात. विक्रेत्याकडून त्याने बांधलेल्या तीन चालू दुकानांचे पत्ते घ्या. ते मोबाइलवर नको, संगणकावर उघडा. पानावर माउसचं उजवं बटण दाबून ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडा आणि त्या मजकुरात रोमन अक्षरांत ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ (wp-content) शोधा. सापडलं तर ते वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बांधण्याचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि त्यावरचं दुकान बहुधा वूकॉमर्स, म्हणजे वर्डप्रेसला दुकान जोडणारं सॉफ्टवेअर. ‘सीडीएन डॉट शॉपिफाय’ (cdn.shopify) सापडलं तर जे भाडं टाळायचं म्हणून तुम्ही इकडे आलात, तेच भाडं मधला माणूस भरतोय. फोल्डरची नावं बदलून वर्डप्रेस लपवणारेही आहेत. तिथे ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडा, ‘नेटवर्क’चा भाग समोर ठेवा आणि एखादी वस्तू कार्टमध्ये टाका. जाणाऱ्या विनंत्यांत वूकॉमर्सची खूण असलेलं ‘डब्ल्यूसी-एजॅक्स’ (wc-ajax) दिसलं की सोंग उघडं पडतं.

वूकॉमर्समध्ये वाईट काहीच नाही. २०११ पासूनचं हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०१५ मध्ये ते ऑटोमॅटिक कंपनीकडे गेलं, आणि ते जाणणारे डेव्हलपर भरपूर मिळतात. मेख नेमकी तिथेच आहे. नाव कळलं तर तुम्ही उद्या दुसऱ्या डेव्हलपरकडे जाल, म्हणून नाव लपवलं जातं. आणि झडतीत ओळखीचं काहीच सापडलं नाही, म्हणजे प्लॅटफॉर्म खरोखरच त्यांचा निघाला, तर आनंद मानू नका. तो दुरुस्त करू शकणारी माणसं जगात तेवढीच आहेत, आणि ती सगळी एकाच ऑफिसात बसतात.

जुना माल खपवण्याचा प्रकारही चालतो. मॅजेंटो या दुकान चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीची अधिकृत साथ ३० जून २०२० ला संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका शनिवार-रविवारच्या आसपास जवळपास २००० मॅजेंटो दुकानांत कार्डाची माहिती चोरणारा कोड घुसवला गेला, आणि त्यांतली बहुतेक पहिल्या आवृत्तीवरच होती. म्हणून आवृत्तीचा क्रमांक लेखी मागा आणि त्या आवृत्तीला अपडेट अजून मिळतात का, हे मूळ प्रकल्पाच्या पानावर स्वतः बघा.

प्लगिन म्हणजे दुकानाला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम. स्वस्तात ‘सगळी प्रीमियम प्लगिन्स फुकट’ मिळत असतील तर ती बहुधा ‘नल्ड’ असतात, म्हणजे परवान्याची तपासणी काढून टाकलेल्या प्रती. त्यांना निर्मात्याकडून अपडेट येत नाहीत, आणि अनेकांत चोरून शिरायला मागचं दार ठेवलेलं असतं. ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ नावाचा कुप्रसिद्ध मालवेअर अशाच फुकट वाटलेल्या थीम (साइटचं रूप ठरवणारे साचे) आणि प्लगिन्समधून पसरला. एका थीममधून शिरला की तो त्या साइटवरच्या बाकीच्या थीमच्या फाइलींतही स्वतःला लिहून घेतो, त्यामुळे ती एक थीम काढून भागत नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक सशुल्क प्लगिनची पावती तुमच्या नावाची आणि परवाना तुमच्या ईमेलवर हवा. "आमच्याकडे डेव्हलपर लायसन्स आहे, त्यात तुमचं दुकान बसतं" हे खरंही असू शकतं. पण मग तुम्ही त्यांना सोडलंत त्या दिवशी अपडेट थांबणार, हे आधीच धरून चाला.

डेमोवर भुलू नये. डेमोत डझनभर वस्तू असतात, म्हणून पान चुटकीसरशी उघडतं. तुमच्याकडे ५०० वस्तू आणि प्रत्येकी चार फोटो असतील, तर वर्डप्रेस आणि वूकॉमर्स मिळून एका फोटोच्या आठ-दहा लहानमोठ्या प्रती बनवतात. म्हणजे नुसत्या फोटोंच्याच १६ ते २० हजार फाइली. ‘अमर्याद जागा’ देणाऱ्या स्वस्त होस्टिंगमध्ये फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते. ती भरली की फोटो चढत नाहीत आणि बॅकअप अर्ध्यात तुटतो. मग ‘मोठा प्लॅन घ्या’ हा निरोप येतो. पाच रंग आणि सहा मापं म्हणजे एका वस्तूचे ३० प्रकार. तुमच्या मालातली अशी सगळ्यात किचकट वस्तू डेमोत चढवून दाखवायला सांगा. शॉपिफायवर एका वस्तूला रंग, माप, कापड असे तीनच पर्याय देता येतात. चौथा लागला की वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि त्या ॲपचं भाडंही वेगळं.

हे सगळं मात्र किरकोळ. खरी फसवणूक नावात असते. डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) आणि दुकानाचं मालक-खातं ही चार खाती कुणाच्या नावावर आहेत, यावर दुकान कुणाचं ते ठरतं. प्लॅटफॉर्म कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

डोमेनचं आधी. "नाव आम्हीच घेऊन टाकतो" असं म्हणून एजन्सी ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवते. डॉट कॉमसारख्या जागतिक डोमेनांना लागू असलेल्या, आयकॅन या देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार डोमेन दुसरीकडे नेण्याचा, म्हणजे बदलीचा गुप्त कोड मागण्याचा हक्क ‘नोंदणीधारका’चा असतो, आणि त्याने मागितला की रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला, तो पाच दिवसांत द्यावा लागतो. पण तिथे धारक म्हणून एजन्सीचं नाव असेल, तर तुम्ही मागितलेल्या कोडाला काही अर्थ उरत नाही. मुदत संपण्याच्या सूचनाही त्यांच्याच पेटीत जातात. सार्वजनिक शोधात पाहून खात्री करायला जाल तर तिथे बहुतेक वेळा ‘गोपनीय’ एवढंच दिसतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून रजिस्ट्रारकडे खातं स्वतः उघडा, पैसे स्वतःच्या कार्डाने भरा आणि एजन्सीला फक्त डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी) बदलण्यापुरता प्रवेश द्या. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की ईमेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक यायला जागाच उरत नाही.

पेमेंटमध्ये फसवणूक जास्त गोड असते. "गेटवेची कागदपत्रं, पडताळणी, आठवडे जातात, तोवर आमच्या खात्यातून घेऊ, दर आठवड्याला तुम्हाला वळते करू." ग्राहकाचा पैसा पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या खात्यात जातो. ‘काही दिवस’ म्हणता म्हणता ते कायमचं होतं, हिशेबाची पत्रकं उशिरा येऊ लागतात, आणि ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून रक्कम परत घेतली की ती तुमच्या वाट्यातून कापली जाते, बरोबर ‘प्रक्रिया शुल्क’ही. यावरची तपासणी सोपी आहे. दुकान सुरू झालं की सगळ्यात स्वस्त वस्तू स्वतःच्या कार्डाने विकत घ्या आणि कार्डाच्या विवरणात कुणाचं नाव येतं ते पाहा. मग गेटवेच्या डॅशबोर्डवर स्वतः लॉगिन करून ती रक्कम परत करून बघा. परतावा देण्याचं बटण तुमच्या हाती नसेल तर ते गेटवे तुमचं नाही.

भाड्याच्या प्लॅटफॉर्मवरही हेच खेळ होतात. शॉपिफायवर एजन्सी भागीदार खात्यातून दुकान बांधते आणि काम झाल्यावर मालकी ग्राहकाच्या नावावर करायची असते. काहीजण तसं न करता दुकानदाराला ‘स्टाफ’ म्हणून घेतात. सगळं चालतं, ऑर्डर दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण मालकी हस्तांतरित करणं आणि दुकान बंद करणं या गोष्टी मालक-खात्याकडेच राहतात. सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांच्या यादीत ‘ओनर’ हा शब्द कुणाच्या नावापुढे आहे, तेवढं बघावं. खर्चाचा आकडा सांगतानाही एक गोष्ट गिळली जाते. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट सगळ्या देशांत मिळत नाही, आणि बाहेरचं गेटवे जोडलं की मूळ योजनेत प्रत्येक विक्रीवर गेटवेच्या शुल्काखेरीज २ टक्के जास्तीचे जातात. कमी नफ्याच्या पण भरपूर खपणाऱ्या मालात हे २ टक्के मासिक भाड्यापेक्षा जड पडतात.

पहिलं वर्ष सरत आलं की खेळ उघड होतो. नूतनीकरणाचा अव्वाच्या सव्वा आकडा येतो, तोही मुदत संपायला चार दिवस उरलेले असताना. नकार दिलात तर "तुमचा डेटा देतो, घेऊन जा" म्हणून एक एक्सएमएल फाइल हातावर ठेवतात. ती वर्डप्रेसच्या निर्यात साधनातून निघालेली असते. तिच्यात फोटो नसतात, फोटोंचे फक्त पत्ते असतात, आणि जुना सर्व्हर बंद झाला की ते पत्ते मेले. थीमची मांडणी आणि प्लगिन्सच्या सेटिंग्जही त्यात येत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या वूकॉमर्स दुकानांत ऑर्डर वेगळ्या तक्त्यांत साठतात, त्यामुळे ऑर्डरही त्या फाइलमध्ये नीट येत नाहीत. खरा बॅकअप म्हणजे दोन गोष्टी: डेटाबेसची (वस्तू, ऑर्डर आणि ग्राहकांच्या साठवलेल्या नोंदींची) पूर्ण एसक्यूएल प्रत आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हा अख्खा फोल्डर. तो दुसऱ्या होस्टिंगवर उभा राहिला तरच मिळाला म्हणायचा. शॉपिफायमधून निघणाऱ्या सीएसव्हीतही (तक्त्याच्या फाइलीतही) फोटोंचे पत्तेच येतात, आणि ग्राहकांचे पासवर्ड येत नाहीत. दुकान हलवलं की ग्राहकांना नवे पासवर्ड घ्यायला सांगावं लागतं.

पैसे देण्याची पद्धत या सगळ्यावर भारी पडते. अर्धे आगाऊ आणि अर्धे ‘दुकान लाइव्ह झाल्यावर’ असा करार सोयीचा वाटतो, पण लाइव्ह झालेलं दुकान त्यांच्या खात्यांत असू शकतं. शेवटचा हप्ता, निदान एकूण रकमेचा चौथा भाग, चारही खात्यांची मालकी तुमच्याकडे येऊन बॅकअप दुसरीकडे चालून दाखवल्यावरच द्यावा. हे करारात लिहा. यावर जो चिडतो, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवा.

अडकलाच असाल तर निघण्याचा क्रम चुकवू नका. निघतोय हे एजन्सीला कळण्याआधी बॅकअप, ग्राहकांची यादी आणि ऑर्डर बाहेर काढा. मग डीएनएसच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या: ए, सीनेम, एमएक्स आणि टीएक्सटी. घाईत नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारी एमएक्स नोंद राहून जाते आणि दुकान नव्या जागी चालू असताना ईमेल मात्र गप्प होतो. बदलाच्या दोन दिवस आधी टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ धरून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा. डोमेन नुकतंच नोंदवलेलं किंवा बदली झालेलं असेल तर बहुतेक रजिस्ट्रार ६० दिवस पुढची बदली रोखतात. तोवर रजिस्ट्रार तोच ठेवून फक्त खातं बदलून मागा. जुन्या पानांचे पत्ते नव्या पत्त्यांकडे ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याच्या निरोपाने) वळवा, नाहीतर शोधयंत्रातून येणारा ग्राहक रिकाम्या पानावर पोचतो.

नव्या जागी आल्यावर साफसफाई त्याच दिवशी करा. अनोळखी ॲडमिन काढून टाका, ‘मस्ट-यूज’, म्हणजे आपोआप चालू राहणाऱ्या प्लगिन्सचा फोल्डर उघडून बघा, वूकॉमर्सच्या एपीआय चाव्या, वेबहुक आणि वर्डप्रेसचे ॲप्लिकेशन पासवर्ड रद्द करा (यांतूनच बाहेरचे प्रोग्राम दुकानाशी जोडलेले असतात). कॉन्फिग फाइलमधल्या सुरक्षा-चाव्या बदलल्या की सगळे जुने लॉगिन तुटतात. गेटवेची गुप्त चावी नवी काढा आणि जुनी लगेच बंद करा, कारण जुन्या सर्व्हरवर दुकानाची एक प्रत अजून चालू असू शकते.