आईला दम लागत होता तो वयामुळे नव्हता

आईला 16 वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीनंतर जिना चढताना मध्येच थांबायला लागली, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही आणि संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसायचा. आधी दुसऱ्या एका हॉस्पिटलात नेलं, अँजिओग्राफी क्लिअर आली, हृदयाचं पंपिंग 60 टक्के म्हणजे चांगलं, म्हणाले हार्ट ओके आहे, वयामुळे होतं. अहो, 61 म्हणजे काय वय आहे का!

मग मैत्रिणीने हे क्लिनिक सांगितलं. इथल्या मॅडमनी आधी अंगठ्याने नडगी दाबली, खड्डा पडला तो बराच वेळ भरलाच नाही. सिस्टरनी आईला डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवला, तर आई म्हणते "लावा की लवकर", आणि धागा केव्हाच लावून झालेला. मला तिथंच रडू आलं.

त्याच दिवशी डोळ्याच्या पडद्याचा फोटो, लघवीतलं अल्ब्युमिन (30 च्या आत हवं, आईचं 180), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आहे का ते सांगणारी रक्ततपासणी). मॅडमनी फोटोतले लाल ठिपके दाखवून समजावलं, की अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्याच दिसतात, शुगरने खराब होणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत, डोळ्यात मात्र दिसतात, आणि तशाच किडनीत आणि हृदयाच्या स्नायूतही असतात, तिथं बिघडलं की हृदय कडक होतं, आवळतं नीट म्हणून पंपिंग चांगलं येतं पण सैल पडून भरत नाही आणि पाणी मागे फुफ्फुसात तुंबतं. इतकं निवांत आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आधीची शुगरची गोळी पायोग्लिटाझोन लगेच बंद केली, तिने अंगात पाणी साठतं म्हणे. शुगरची दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन 10 आणि अंगातलं पाणी काढणारी गोळी सुरू केली. डापाग्लिफ्लोझिनने लघवीतून साखर जाते म्हणून खाली इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता कशी ठेवायची ते सिस्टरनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, आणि उलट्या-जुलाब झाले तर ती गोळी थांबवून फोन करा हेही कागदावर लिहून दिलं. हे मला फार आवडलं.

तक्रार एकच, 10 ची अपॉइंटमेंट होती आणि नंबर लागला साडेबाराला, बसायला खुर्च्या कमी, पाय सुजलेल्या माणसांचे हाल होतात, याकडे खरंच लक्ष द्या. सगळ्याचे मिळून 5,600 झाले. पडद्याच्या फोटोसाठी डोळ्यात थेंब टाकल्यावर काही तास धुरकट दिसतं, पेशंटला एकटं पाठवू नका.

दोन महिने झाले, आई आता एका उशीवर झोपते. तळव्याची बधिरता आहे तशीच आहे, रोज रात्री मी तिचे पाय उजेडात बघते.