“बसतील हळूहळू” म्हणत गळ्यात मारलेले ब्रेक पॅड

पुढच्या चाकांचे पॅड संपत आले होते. कंपनीचे घ्यायचे सोडून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बाहेरचे मागवले. खोक्यावर नावाजलेला ब्रँड, ‘सिरॅमिक’ हे मोठ्या अक्षरांत, आणि किंमत सगळ्यांत कमी. इथेच शंका यायला हवी होती, पण स्वस्त दिसलं की अक्कल गहाण पडते.

फसवणूक खोक्यापेक्षा विक्रेत्याच्या एका वाक्यावर जास्त चालली. “नवीन आहेत, बसतील हळूहळू.” हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच मी गाफील राहिलो. नवे पॅड खरोखरच बसवावे लागतात. त्यांच्या मटेरियलचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, चढावा लागतो; यालाच बेडिंग म्हणतात. ते मी नीट केलं होतं. रस्ता मोकळा बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत बेताने ब्रेक, असं दहा वेळा. मध्ये एकदाही पूर्ण थांबलो नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की डिस्कवर त्याचा डाग बसतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं. मग दहा मिनिटं, ब्रेकला जमेल तितका कमी हात लावत, गाडी चालवून सगळं गार होऊ दिलं.

जळका वास आला. पहिल्या दिवशी येतोच. पण तो दुसऱ्या दिवशीही आला, आठवड्यानेही आला. उतारावर तिसऱ्या-चौथ्या ब्रेकनंतर पेडल घट्ट लागायचं आणि गाडी मात्र पुढे सरकत राहायची. विक्रेत्याला कळवलं, उत्तर तेच: बसतील. दर वेळी तेच. माल परत करायची मुदत संपली आणि त्याची भाषा बदलली. “तुम्ही बेडिंग चुकीचं केलंत, पॅड जाळलेत.” आता मी रस्त्यावर एकट्याने काय केलं, याचा पुरावा कुठून आणणार?

शेवटी चाक काढून पॅड बाहेर घेतले. एका पॅडचं लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा भाग, आणि मागची लोखंडी प्लेट यांच्यामध्ये माझं नख गेलं. नख! कडेला जरा खरवडलं तर चुरा हातात आला. प्लेटवरच्या नंबरवर ब्रेक क्लीनरचं फडकं फिरवलं, तर नंबर फडक्यावर उतरला. खाली नुसता काळा रंग.

जे खोका उघडण्याआधी बघायचं ते मी तेव्हा बघितलं. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर ९०’ नियमाखाली मंजूर झालेल्या पॅडवर गोलातलं ‘ई’ अक्षर आणि मंजुरीचा क्रमांक असतो, तोही न पुसणारा. अशा पॅडची ब्रेक लावण्याची ताकद मूळ पॅडच्या १५ टक्के मागे-पुढे, त्याच्या आतच असावी लागते. विक्री पूर्ण अ‍ॅक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चाकांच्या, संचाची, आणि उघडला तर कळेल अशा सीलबंद खोक्यात. माझा खोका साध्या सेलोटेपने बंद होता, आणि तो मी कौतुकाने कापला होता.

विक्रेत्याची ‘जीजी ग्रेड, एकदम भारी’ हीसुद्धा नुसती धूळफेक. ती दोन अक्षरं फक्त घर्षणांक, म्हणजे पॅड डिस्कला किती पकडतो, ते सांगतात: पहिलं साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. लायनिंग प्लेटला किती पक्कं चिकटलंय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पैसे मिळाले नाहीत. नवे पॅड घालून पुन्हा तसेच बसवले; या वेळचा वास दुसऱ्या दिवशी गेला होता. परवा सहज त्या विक्रेत्याची जाहिरात बघितली. फोटो तोच, दावे तेच, फक्त खाली एक ओळ वाढली आहे: “बेडिंग नीट न केल्यास परतावा मिळणार नाही.”