राष्ट्रीय इमारत संहिता २०१६: खोलीचा खरा वापर ठरवायला कितपत कामाची?

मंजूर नकाशात ‘स्टोअर’, जाहिरातीत ‘स्टडी’ आणि प्रत्यक्षात कुणाची तरी झोपायची खोली. भारतीय मानक ब्युरोच्या या दोन जाडजूड खंडांचा कस अशाच जागी लागतो, आणि भाग ३ (इमारतींच्या सर्वसाधारण अटींचा) इथे ठाम आहे. राहण्यायोग्य खोलीची व्याख्या वापरावर बेतलेली आहे: अभ्यास, बैठक, झोप, जेवण. न्हाणीघर, कोठी, बोळ, पोटमाळा त्यातून वगळले आहेत. म्हणजे ‘स्टडी’ला किमान ९.५ चौ.मी. (दोन खोल्या असतील तर दुसरीला ७.५) आणि २.७५ मी. उंची लागू. जाहिरातीतल्या ५ चौ.मी.च्या ‘अर्ध्या’ बेडरूमचा निकाल इथेच लागतो.

खिडकीचं कलम सर्वांत उपयोगी. कोकणासारख्या दमट-उष्ण हवेत दारं सोडून उघडणारं क्षेत्र जमिनीच्या १/६ हवं. ९.५ चौ.मी.ला साधारण १.६ चौ.मी. १.५ × १.२ मी.ची खिडकी कागदावर १.८ भरते. पण दोन झडपांची सरकती असेल तर एका वेळी उघडतं निम्मंच, ०.९. नकाशा तपासताना नेमकं हेच निसटतं.

क्लास आणि ऑफिसवाल्यांनी भाग ४ (आग आणि जीवितसुरक्षेचा) वाचावा. वापराचे गट ए ते जे, मधला आय नाही. ऑक्युपंट लोड, म्हणजे जागेत किती माणसं धरायची ते काढायला ऑफिसला माणशी १० चौ.मी., शिक्षणाला ४, साठवणीला ३०. त्यामुळे १२० चौ.मी.चा तोच हॉल गोदाम असेल तर ४ माणसांचा, ऑफिस असेल तर १२ आणि क्लास असेल तर ३० जणांचा. प्रत्यक्ष संख्या जास्त असेल तर तीच धरायची. तक्ता फक्त किमान सांगतो. ८० बाक टाकून ‘नियमाने ३० धरले’ हे चालत नाही. शैक्षणिक वापराला जिनाही १.५ मी. रुंद हवा, आणि राहत्या इमारतीतले बहुतेक क्लास इथेच अडकतात. गट बदलला की नव्या गटाच्या सगळ्या अटी पाळाव्या लागतात, नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

कागद आणि प्रत्यक्ष वापर यांतला फरक जिवावर बेततो: जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात ज्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले, ते कागदावर पार्किंग आणि साठवणीचं होतं. आत ग्रंथालय चालत होतं.

उणिवा? सभागृहाचा गट ५० माणसांपासून सुरू होतो आणि ‘आसनं ४८’ लिहिण्याचा मोह संहिताच निर्माण करते. मांडणी किचकट: व्याख्या एका भागात, तक्ता दुसऱ्यात, अपवाद तळटीपेत. शिवाय संहिता स्वतः कायदा नाही. मुंबईत डीसीपीआर २०३४ आणि उर्वरित महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी २०२० ची यूडीसीपीआर ही विकास नियंत्रण नियमावली आधी पाहावी लागते. आकडे वेगळे निघाले तर तिथलेच धरायचे.

आर्किटेक्ट आणि अग्निसुरक्षा सल्लागारांना हे खंड हवेतच. घर घेणाऱ्याला भाग ३ मधली खोल्यांची मापं आणि खिडकीचं कलम पुरे. क्लाससाठी जागा भाड्याने घेणाऱ्याने भाग ४ चा तक्ता काढावा आणि करारावर सही करण्याआधी भोगवटा प्रमाणपत्रात त्या मजल्याचा वापर काय लिहिलाय ते पाहावं.