विंडोज १० वरून लिनक्स मिंट: दिवाळीपासूनचा घरचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. कॉम्प्युटर नऊ-दहा वर्षं जुना असेल, विंडोज ११ घेत नसेल आणि घरातलं काम ब्राउझर, पत्रं, पीडीएफ आणि फोटो एवढंच असेल, तर बिनधास्त लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. घरात कुणाचं टॅलीवर, डीटीपीवर किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर पोट असेल तर टाकू नका. टाकलंच, तरी विंडोज पुसू नका.

आमचं मशीन असेंबल केलेलं आहे. २०१६ सालचा आय५-६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरती हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतंच, म्हणून मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघितलं. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही म्हणाला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएमचं काम करणारी इंटेलची पीटीटी ही सोय चालू केली, तेव्हा टीपीएमवर हिरवी खूण आली, पण प्रोसेसरवर लाल फुली तशीच. विंडोज ११ ला इंटेलचे काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर चालतात आणि आमचा सहाव्या पिढीतला. तिथे बायोस काय करणार!

इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बनवणारं रूफस हे सॉफ्टवेअर वापरून ही अट चुकवता येते, हे मला पुतण्यानं लगेच दाखवलं. येतेही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि ज्या मशीनवर आई-बाबा बँकेची साइट उघडतात तिथे मला हा खेळ नको होता. दुसरा पर्याय होता वाढीव सुरक्षा अपडेटचा. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ते फुकट मिळतात, नाहीतर ३० डॉलर. पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मी ते घेऊन ठेवले, कारण विंडोज पूर्ण काढायचं नव्हतं. का ते पुढे येईलच.

लिनक्समध्ये मिंटच का? कारण बाबांना डाव्या कोपऱ्यात खाली मेन्यू लागतो. तो जागेवर असला की अर्धी लढाई जिंकली. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मेन्यू तिथेच, घड्याळ उजवीकडे, मध्ये उघडलेल्या खिडक्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २२.२ ‘झारा’ ही आवृत्ती घेतली. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर या मदरबोर्डनं साथ दिली तरी खूप झालं.

टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, ही सोय फार मोलाची. फाइल ३ जीबीच्या आतबाहेर असते, ती रूफसनं पेन ड्राइव्हवर चढवायची, मशीन चालू होताना बूट मेन्यूची कळ दाबायची आणि हार्डडिस्कला हात न लावता मिंट समोर येतं. या अवस्थेत बसून आवाज, प्रिंटर, वायफाय, स्कॅनर सगळं तपासून घ्या. आमचा वायफायचा स्वस्तातला डोंगल इथेच उताणा पडला. कंपनीचं नाव घेत नाही, त्या किमतीत तक्रार तरी काय करायची. पण मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू केलं की मिंटला नेट लगेच मिळतं आणि त्या नेटवर डोंगलचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) शोधता येतो. मला तर तेही करावं लागलं नाही, सरळ राउटरपासून लॅनची वायर ओढली.

दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवल्या, म्हणजे ड्युअल बूट. त्याआधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली. इथे एक खरं सांगितलंच पाहिजे. लिनक्स टाकलं आणि मशीन पळायला लागलं, असं लोक ऐकवतात, त्यातला बराचसा वेग एसएसडीचा असतो. आमचं विंडोज १०सुद्धा एसएसडीवर सुसाट झालं. फरक पडतो तो रॅमवर. मिंट सुरू झाल्यावर दीड जीबीच्या आसपास घेऊन शांत बसतं आणि मागे काहीबाही चालू होऊन पंखा घोंघावत नाही. मुलीचे वीस-वीस टॅब उघडे असतात तरी ८ जीबी पुरते.

ड्युअल बूटचे दोन त्रास आधीच सांगून ठेवतो. पहिला घड्याळाचा. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ बरोब्बर साडेपाच तास मागे! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की हे मिटतं, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम आहे. दुसरा त्रास डी ड्राइव्हचा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मिंटमधून डी ड्राइव्हवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, सेव्ह होत नाहीत. ते फास्ट स्टार्टअप आधीच बंद करून टाका.

आता मराठी. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच होती.

बाबा निवृत्त कारकून. मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली, बोटं त्याच वळणावर चालतात. मी फोनेटिकवाला, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिणारा. मुलगी तर मोबाइलवर बोलून लिहिते, तिला कीबोर्ड हा प्रकारच मान्य नाही. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’ नावाची खिडकी आहे, तिथून आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करण्याची यंत्रणा) निवडायचं आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे पॅकेज टाकायचं. मग लॉगआउट करून परत आत या. लॉगआउट केलं नाही तर यादीत काहीच दिसत नाही आणि माणूस उगाच डोकं फोडत बसतो. परत आलात की मराठीखाली ही रांग लागते: इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स, गमभन, मिंग्लिश, रेमिंग्टन. बाबांना टाइपरायटरच्या वळणाचं रेमिंग्टन लावून दिलं. पहिल्या परिच्छेदातच म्हणाले, “अरे, हा तर माझाच कीबोर्ड!” एक-दोन चिन्हं त्यांना अजून जागेवर सापडत नाहीत, त्यासाठी एक कागद छापून मॉनिटरच्या खाली चिकटवलाय. विंडोज आणि स्पेसची कळ एकत्र दाबली की भाषा बदलते, त्यामुळे ती सवय मोडावी लागली नाही.

इन्स्क्रिप्ट या सरकारी प्रमाण कीबोर्डवाल्यांना तर काहीच बदल नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या नेहमीसारखाच: शिफ्ट-जे, मग डी, मग य. जिथे-तिथे ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होऊन बसतं तसं इथे झालं नाही.

फॉन्टचं मात्र थोडं बघावं लागतं. मंगल आणि निर्मला हे विंडोजचे फॉन्ट, ते मिंटबरोबर येत नाहीत. नोटो सान्स देवनागरी असतो, लोहित मराठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतो, आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फुकट उतरवता येतो. मी पत्रांसाठी मुक्ताच ठेवलाय. नोटोमध्ये सुरुवातीला ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. बाबांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. मजकुराची भाषा लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) ‘मराठी’ अशी ठरवली की हीच अक्षरं आपल्या वळणाची होतात, फॉन्ट बदलायची गरज नाही. लिब्रेऑफिसच्या स्टाइलमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवावा लागतो, तो पर्याय आधी भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा असतो. हे कुणी सांगत नाही. एकदा नीट लावून टेम्प्लेट बनवून ठेवलं की विषय संपला.

वर्डमध्ये बनवलेल्या साध्या फाइली ठीक उघडतात. तक्ते आणि चौकटी भरलेल्या फाइलींची पानं सरकतात. सोसायटीच्या ताळेबंदाचा तक्ता दोन पानांवर गेला, तो हातानं आवरला. बाहेर पाठवायचं ते मी आता पीडीएफ करूनच पाठवतो.

विंडोज ठेवायचं खरं कारण सोसायटीची जुनी इतिवृत्तं. श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या खास फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. फॉन्ट मिंटमध्ये टाकला की ती वाचता येतात, छापताही येतात, पण त्या फाइलीत एक ओळ वाढवायची म्हटलं तर श्रीलिपीचं टायपिंग सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. फॉन्ट नसेल तर समोर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला. लागतील तशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, बदलून घेतोय. कन्व्हर्टरनंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात, म्हणून हे काम रखडलंय.

प्रिंटर हा या सगळ्या प्रकरणातला व्हिलन. घरी एक जुना छोटा लेझर प्रिंटर आहे, अजून ठणठणीत. लिनक्ससाठी त्याचा कंपनीचा ड्रायव्हर जुनाट, तो आजच्या सिस्टिमवर धड बसत नाही. कुणीतरी हौसेनं लिहिलेला ड्रायव्हर टाकला. पहिलं पान झकास येतं, दुसऱ्या पानाला प्रिंटर मुका. बंद करून चालू केला की परत एक पान. बाबांनी यावर उपाय शोधलाय: पीडीएफ मोबाइलवर घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायची, तेवढंच फिरणं होतं म्हणे. मी मात्र जास्त पानं असली की विंडोजमध्ये जातो. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का बघा, तसे प्रिंटर लिनक्सवर बहुधा वेगळा ड्रायव्हर न मागता चालतात.

बाकी घरातली कामं निमूट चालू आहेत. वीजबिल, बँक, रेल्वेचं तिकीट, सगळं फायरफॉक्समध्ये होतं. डिजिटल सहीचा सातबारा नेहमीसारखा उतरवता येतो, आणि त्यावरची सही तपासायला ऑक्युलर नावाचा वाचक टाकलाय. साधं आयकर विवरण पोर्टलवरच ऑनलाइन भरता येत असल्यानं तिथेही अडणार नाही. आईच्या मोबाइलमधले फोटो वॉरपिनेटर या फाइली पाठवायच्या ॲपनं घरच्या नेटवर्कवरून येतात, केबल शोधावी लागत नाही.

अपडेटबद्दल मात्र मनापासून कौतुक. खाली एक ढाल दिसते, तिच्यावर ठिपका आला की अपडेट आहेत. ते कधी घ्यायचे हे आपण ठरवायचं. ऐन कामाच्या वेळी ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असा दम कुणी देत नाही. प्रत्येक वेळी पासवर्ड मागतं, याचा बाबांना वैताग येतो, पण मला ते हवंच आहे.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारं साधन, मात्र पहिल्याच दिवशी चालू करा. मुलीनं एकदा डेस्कटॉपला नवं रूप द्यायच्या नादात खालची पट्टीच गायब केली, मेन्यू गेला, घड्याळ गेलं. दोघातिघांनी डोकं लावूनही पट्टी परत येईना. टाइमशिफ्टमधून आदल्या दिवसाची स्थिती परत आणली. मात्र ते मुळात सिस्टिमच्या फाइली जपतं आणि पट्टीसारखी मांडणी असते होम फोल्डरमध्ये. मी होममधल्या लपलेल्या फाइलींवर आधीच टिक केली होती म्हणून ती आली. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो, तो मी बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतो.

विंडोजचे वाढीव अपडेट ऑक्टोबर २०२६ ला संपतील. त्यानंतर त्या भागाचं नेट बंद करून तो फक्त इतिवृत्तं आणि छपाईपुरता ठेवायचा विचार आहे. तोवर एअरप्रिंटवाला प्रिंटर बऱ्या दरात मिळाला, तर छपाईसुद्धा इकडेच येईल.